वचन आणि गादी

नागपूरहून निघालेली रेल्वे गोंदिया आणि डोंगरगड मागे टाकून राजनांदगावला येते आणि पुढे दुर्गवरून रायपुरास पोचते. १८८० च्या दशकाच्या आरंभी हा मार्ग नागपूर-छत्तीसगड रेल्वे या नावाने, मीटरगेजवर, राजनांदगावपर्यंत खुला झाला. पुढे बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो रुंद केला आणि पूर्वेकडे वाढवला. याच मार्गावरच्या एका डब्यात १८९३ साली एक मराठी कवी आणि एक युरोपियन गृहस्थ समोरासमोर बसले होते. कवी नोकरीनिमित्त राजनांदगाव संस्थानाकडे निघाला होता. संस्कृत काव्यापासून सुरू झालेले संभाषण धर्माकडे वळले, आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत कवीच्या हाती ठेवून, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. कवीचे नाव नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तोही आग्रहपूर्वक हिंदी धर्मोपदेशकाच्या हातून.

टिळकांच्या चरित्रात ही घटना नेहमी भाकिताच्या अंगाने सांगितली जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला तिची दुसरी बाजू अधिक बोलकी वाटावी. टिळकांच्या हाती आधी पुस्तक आले. मंडळी नंतर भेटली. राजनांदगावात मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचन वाचून ते खिळून गेले, तेव्हा त्यांच्यासमोर ना बिशप होता, ना मिशनचा बंगला, ना पगारपत्रक. स्वतःच एखादा नवा धर्म स्थापावा अशा विचारात त्या काळी असलेल्या या माणसाला गालिलातील गुरूची वचने थेट, मधल्या अठराशे वर्षांवाचून भेटली. ती अठराशे वर्षे त्यांना नंतर, अहमदनगरात, हळूहळू भेटत गेली. आणि तेव्हापासून मृत्यूपर्यंत एका प्रश्नाने त्यांची पाठ सोडली नाही. या वचनांमध्ये आणि या संस्थेमध्ये नेमके काय घडले?

हा प्रश्न मराठीत विचारणारे टिळक पहिले नव्हेत. त्यांच्या आधी बारा वर्षे, १८८३ मध्ये, इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी तो अधिक परखडपणे विचारला होता. रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. मतांगीकारातील त्रैक्याच्या सूत्रांवर बुद्धी गहाण टाकायला रमाबाई तयार नव्हत्या. भटभिक्षुकांच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटल्यावर पुन्हा दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड मानेवर का घ्यावे, हा त्यांचा सरळ सवाल होता. गळ्यातील क्रुसावर लॅटिन शब्दच का, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुषांना शिकवावे की नाही या मुद्द्यावर मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा तर तिढा वाढतच गेला. ज्या समाजातून त्या बाहेर पडल्या होत्या तेथे विद्वान स्त्रीला सभेत बोलण्याची मनाई नव्हती. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ म्हटले होते.

या दोघांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर आद्य मंडळीकडे जावे लागते, आणि तेथे गेल्यावर पहिला अनुभव काहीसा अनपेक्षित येतो. ‘मूळ शिकवण शुद्ध होती, नंतर ती भ्रष्ट झाली’ हे सूत्र कागदपत्रांत तसे सापडत नाही. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात यरुशलेमेतील पहिल्या अनुयायांचे चित्र आहे: मालमत्ता विकून सर्वांनी एकत्र ठेवली आणि ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वाटून घेतली. पण याच ग्रंथात, लगेच पुढे, आपल्या जमिनीच्या किमतीतील काही भाग लपवणाऱ्या हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याची कथा येते. त्याहून पुढे ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जाते अशी तक्रार उठते, आणि ती मिटवण्यासाठी सात माणसांची नेमणूक होते. मंडळीतील या पहिल्या नेमणुकीचे मूळ विधवांच्या ताटात आहे. सत्तेची हाव तेथे दिसत नाही. दिसतो तो पंक्तिप्रपंच, आणि तो दूर करण्याची निकड. पौलाने करिंथच्या मंडळीला इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकात लिहिलेल्या पत्रात तर प्रभुभोजनाच्या वेळी श्रीमंत खाऊनपिऊन तृप्त होतात आणि गरीब उपाशी राहतात, अशी स्पष्ट झाडाझडती आहे. येशूला क्रुसावर दिल्याला तेव्हा पंचवीस वर्षेही झाली नव्हती.

तरीही त्या काळच्या मंडळीचा पोत वेगळा होता हे नाकारता येत नाही. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या एका मठाच्या ग्रंथालयात फिलोथेओस ब्रायेनिओस या ग्रीक धर्माधिकाऱ्याला ‘बारा प्रेषितांची शिकवण’ या लहानशा ग्रंथाचे हस्तलिखित सापडले आणि दहा वर्षांनी ते छापले गेले. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या किंवा दुसऱ्याच्या आरंभीच्या या ग्रंथात फिरत्या उपदेशकाला ओळखण्याची एक साधी कसोटी दिली आहे. तो एक दिवस राहील, गरज पडल्यास दोन. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलवत नसेल तर तो खोटा. निघताना भाकरीखेरीज काही मागील, पैसा मागील, तर तोही खोटा. आपल्याकडच्या साधूबैराग्यांना लोक पूर्वी ज्या मापाने मोजत असत तेच हे माप. ही कसोटी ज्या समाजाला पुरेशी वाटत होती तो समाज लहान होता, एकमेकांना ओळखणारा होता, आणि त्याच्यापाशी राखण्यासारखे फारसे काही नव्हते.

साधारण ११२ साली प्लिनी हा रोमन सुभेदार सम्राट ट्राजनला कळवतो की, हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात आणि चोरी, व्यभिचार, विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेतात. अधिक माहितीसाठी त्याने दोन दासींना यातना दिल्या. मंडळीत त्यांना ‘सेविका’ हे पद होते. दासी, स्त्रिया, आणि पदाधिकारी. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस पौलही फीबी नावाच्या अशाच सेविकेची शिफारस करतो. रमाबाईंना बिशपांनी अडवले तेव्हा त्यांच्या बाजूने उभे करता येण्याजोगे हे साक्षीदार ख्रिस्ती धर्मग्रंथातच होते.

मात्र याच सुमारास अंत्युखियाचा इग्नाटियस, पहाऱ्यात रोमकडे नेला जात असताना, वाटेवरच्या मंडळ्यांना पत्रे लिहून बजावत होता की बिशपावाचून काहीही करू नका. हुतात्मा होण्यास निघालेल्या माणसाने संस्थेचा असा आग्रह धरावा, यात मला विसंगती दिसत नाही. छळाच्या काळात, मूळ साक्षीदार मरून गेल्यावर आणि नाना पंथ आपापले ‘गुप्त ज्ञान’ घेऊन उभे राहिल्यावर, कोणाचे ऐकायचे हा प्रश्न जीवनमरणाचा होता. २५१ च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस याने लिहिलेल्या एका पत्रात तेथील मंडळीची मोजदाद आली आहे: ४६ वडील, ७ डीकन, त्यांच्याखाली अनेक साहाय्यक, आणि मंडळीच्या आधाराने जगणाऱ्या १५०० हून अधिक विधवा व गरजू. बेकायदा ठरलेल्या एका धर्माची ही व्यवस्था. पंधराशे माणसांना अन्न घालायचे तर हिशेब ठेवावा लागतो, कोठार लागते, कोठारावर माणूस लागतो. यातून गादी निर्माण होते, आणि गादीसाठी भांडणही. कॉर्नेलियसचे हे पत्रच मुळी त्याच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या नोव्हेशियनविरुद्ध लिहिलेले आहे.

खरा पालट चौथ्या शतकात झाला. ३१३ साली कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस यांनी ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली, जप्त केलेल्या जागा परत केल्या. ३२५ मध्ये नायसिया येथे सम्राटाने धर्मसभा बोलावली. बिशप सरकारी टपालाच्या गाड्यांतून, राजाच्या खर्चाने आले. त्यांच्यात मागील छळात जायबंदी झालेले वृद्ध होते. सभेनंतर सम्राटाच्या राज्यारोहणाचा विसावा वाढदिवस साजरा झाला. त्या मेजवानीचे वर्णन करताना युसेबियस सांगतो की, नंग्या तलवारी घेऊन उभ्या असलेल्या पहारेकऱ्यांमधून हे देवमाणूस निर्भयपणे आत गेले आणि राजाच्या पंगतीला बसले. युसेबियसला ते दृश्य ख्रिस्ताच्या राज्याचे प्रतिबिंब वाटले. वीस वर्षांपूर्वी याच तलवारी त्यांच्यावर चालल्या होत्या, तेव्हा त्याच्या आनंदाला हसण्याचे कारण नाही. पण पंगतीला बसलेल्याला यजमानाच्या मर्जीचा विचार करावा लागतो, हे युसेबियसच्या लेखणीवरूनच दिसते.

या सभेत पुत्र हा पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे की नाही याचा निर्णय झाला. डोंगरावरील प्रवचनात अशा तत्त्वनिर्णयाला स्थानच नाही. तेथे शत्रूवर प्रीती, उजव्या हाताचे दान डाव्याला कळू न देणे, उद्याची चिंता न करणे, असे आचाराचे विषय आहेत. नायसियाच्या मतांगीकारात यांतील एकही नाही. जर्मन इतिहासकार हार्नाक याने मांडलेला ग्रीकीकरणाचा सिद्धान्त येथे आठवतो: येशूचा संदेश ग्रीक तत्त्वज्ञानाच्या साच्यात ओतला गेला आणि शिकवणुकीची जागा सिद्धान्ताने घेतली. अलीकडचे अभ्यासक हा सिद्धान्त इतका सरळ मानत नाहीत, आणि ते योग्यही आहे. पौलाची पत्रे शुभवर्तमानांच्याही आधीची आहेत आणि ख्रिस्ताच्या स्वरूपाचा विचार त्यांत पुरेसा आहे. पण सिद्धान्त चुकला म्हणून दंड करण्याची सोय पौलापाशी नव्हती. ती राजाश्रयाने आली. ३८० मध्ये थिओडोशियसने नायसियाचा विश्वास हाच साम्राज्याचा विश्वास ठरवला. त्यानंतर पाचसहा वर्षांतच ट्रिअर येथे प्रिसिलियन या ख्रिस्ती बिशपाचा ख्रिस्ती सम्राटाच्या हुकमाने शिरच्छेद झाला. टूर्सचा मार्टिन या बिशपाने त्याला जोरदार विरोध केला होता, हेही सांगितले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. नायसियाची सभा उघडणाऱ्या कॉन्स्टंटाइनचा स्वतःचा बाप्तिस्मा तेव्हा झालेला नव्हता. तो ३३७ साली मृत्युशय्येवर झाला.

छत्तीसगडच्या वाचकाला यात परके वाटण्यासारखे काही नाही. टिळक ज्या राजनांदगावात नोकरीला आले त्या संस्थानाचे राजे बैरागी महंत होते. संसार सोडलेल्या गुरूमागून चेला गादीवर बसे. या निःसंग परंपरेला व्यापारातून आणि सावकारीतून गावे मिळत गेली, गावांचे परगणे झाले, आणि १८६५ मध्ये इंग्रजांनी महंत घासीदासांना संस्थानिक म्हणून मान्यता दिली. पुढे चेल्याची जागा पुत्राने घेतली. टिळक आले तेव्हा गादीवर घासीदासांचे पुत्र बलरामदास होते. रायपूरचे वस्तुसंग्रहालय १८७५ मध्ये याच घासीदासांनी स्थापिले आणि आजही ते त्यांच्या नावाने ओळखले जाते, तेव्हा या संपत्तीचा विनियोग वाईटच झाला असे कोणी म्हणू नये. याच राजनांदगावच्या महाविद्यालयात पुढे मराठी घरात जन्मलेले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध अध्यापक झाले. सत्तेच्या मिरवणुकीत सामील होणाऱ्या विद्वानांविषयी त्यांनी जे लिहिले ते वाचताना नायसियाची पंगत आठवल्यावाचून राहत नाही. पण तो वेगळा विषय आहे.

घासीदास हे नाव छत्तीसगडात आणखी एका, फार वेगळ्या पुरुषाचे आहे. गिरोदचे गुरू घासीदास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अस्पृश्य मानल्या गेलेल्या आपल्या समाजाला सत्यनामाचा उपदेश केला, मूर्ती आणि पुरोहित नाकारले. त्यांच्यामागे गुरुपद वंशपरंपरेने गेले. पुत्र बालकदास हत्तीवरून, सशस्त्र माणसांसह फिरू लागले. १८६० च्या सुमारास त्यांची हत्या झाली. हत्तीवरून फिरण्याला वैभवाचा सोस म्हणणे सोपे आहे. ज्याला रस्त्याने जोडा घालून चालण्याची बंदी, त्याच्या गुरूने हत्तीवर बसावे यात त्या समाजाला काय दिसले असेल, याचाही विचार झाला पाहिजे.

या सतनामी समाजातच १८६८ साली ऑस्कर लोर हा जर्मन मिशनरी आला. सत्यनाम मानणारे, मूर्ती न मानणारे लोक म्हणजे ख्रिस्तासाठी तयार झालेले शेत, अशी त्याची समजूत झाली. त्याने रायपूर जिल्ह्यात जमीन घेतली, तेथे बिसरामपूर वसवले, आणि तो त्या गावाचा मालगुजार झाला. म्हणजे पाळक तोच, जमीनमालक तोच, भांडण मिटवणारा तोच. बाप्तिस्मा घेणारी कुळे त्याला मायबाप म्हणू लागली. इतिहासकार सौरभ दुबे यांनी या गावाचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यावरून असे दिसते की, मिशनने घालून दिलेल्या नियमांना ही माणसे मान तुकवत होती आणि त्याच वेळी लग्नसंबंध, पंचायत, सोयरसुतक यांत आपले जुने संकेत ख्रिस्ती चौकटीत बसवत होती. कॉर्नेलियसच्या रोममध्ये पंधराशे गरजूंना पोसणाऱ्या मंडळीने जे कमावले आणि जे गमावले, त्याचीच ही एकोणिसाव्या शतकातील, धानाच्या शेतातील आवृत्ती. दुष्काळ आले तेव्हा बिसरामपूरच्या कोठाराने माणसे जगवली. कोठाराची किल्ली मात्र साहेबाच्या हाती राहिली.

टिळकांनी अहमदनगरात हेच पाहिले. अमेरिकन मिशनमधली माणसे वाईट नव्हती. त्यांचे स्नेही जस्टिन अ‍ॅबट यांनी तर पुढे मराठी संतांची चरित्रे इंग्रजीत नेण्यासाठी उरलेले आयुष्य वेचले. अडचण होती ती संबंधाची. पगार देणारा परका आणि घेणारा हिंदी, या नात्यात भावंडपण कसे रुजावे? टिळकांनी मंडळीत अभंग आणि कीर्तन आणले, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग सांभाळला, तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते उघड सांगत. नवख्रिस्ती माणसाने आपल्या संतांना पाठ दाखवावी अशी अपेक्षा असलेल्या काळात हे बोलणे सोपे नव्हते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात येऊ शकत होते.

यावर मंडळीतील अनेकांना शंका आल्या, आणि त्या केवळ सनातनीपणाच्या नव्हत्या. ज्या गरीब माणसाने बाप्तिस्म्यापायी गाव, विहीर आणि सोयरे गमावले, त्याला बाप्तिस्म्याशिवायही शिष्य होता येते हे ऐकून काय वाटले असेल? टिळकांनी स्वतःही ती किंमत मोजली होती; लक्ष्मीबाईंपासूनची चार-पाच वर्षांची ताटातूट ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकांना ठाऊकच आहे. तरीही, नायसियाच्या सभेला अबाप्तिस्मित सम्राट चालला, तर साताऱ्याच्या दरबारात अबाप्तिस्मित शेतकरी का न चालावा, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कोठे वाचायला मिळालेले नाही.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली होती. घटना नव्हती, कोठार नव्हते, गादीवर बसायला चेला नव्हता. तो फार काळ टिकला नाही. त्यांचे चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला, आणि त्याच संघात १९२७ साली व्हेरियर एल्विन हा तरुण इंग्रज पुण्यास आला. तेथून तो मराठी सहकारी शामराव हिवाळे यांच्यासह १९३२ मध्ये मंडला जिल्ह्यातील गोंडांत, मैकल डोंगराच्या कुशीत करंजियाला जाऊन राहिला. नागपूरच्या बिशपाने त्याला परवाना नाकारला; १९३५ मध्ये एल्विनने चर्च सोडले. पुढे छत्तीसगडची लोकगीते त्याने १९४६ साली पुस्तकरूपाने दिली. हिवाळे पुढेही त्या डोंगरात राहिले. टिळकांना राजनांदगावच्या गाडीत मिळालेला धागा असा चाळीस वर्षांनी पुन्हा त्याच मुलखाच्या कडेला आला आणि संस्थेबाहेर गेला.

त्या गाडीत मिळालेल्या पुस्तकाविषयी एक गोष्ट राहिली. नव्या करारात सत्तावीस पुस्तके आहेत. नेमकी ही सत्तावीस, कमी नाहीत आणि जास्त नाहीत, अशी यादी पहिल्यांदा मिळते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशियस याच्या ३६७ च्या ईस्टरपत्रात. नायसियाच्या सिद्धान्तासाठी आयुष्यभर लढलेला, चार सम्राटांच्या हातून पाच वेळा हद्दपार झालेला, प्रतिपक्षाशी वागताना स्वतःही फारसा मऊ नसलेला हा बिशप. ज्या डोंगरावरील प्रवचनाने टिळकांना मंडळीला जाब विचारण्याचे बळ दिले, ते प्रवचन नकलून, जपून, यादीत घालून त्यांच्यापर्यंत पोचवणारे हात त्याच मंडळीचे होते.

टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. त्यांची पदे आणि अभंग ‘उपासना-संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात आले, आणि रविवारी सकाळी अहमदनगरपासून नागपूरपर्यंतच्या चर्चांत, बाकांवर बसलेली माणसे ती पेटी-तबल्यावर म्हणतात.